दादरला न गेलेला मोगरा

आमचं पोट गणपतीवर चालतं, असं पप्पा पाहुण्यांना मुद्दाम सांगायचे. पाहुणा नवखा असला, त्यातून मुंबईचा आणि कॅथलिक असला, की त्याच्या हातातला चहाचा कप तोंडापर्यंत जायच्या आधीच थांबायचा. भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, तिच्याखाली लाल दिवा, आईच्या गळ्यात क्रूस, आणि घरमालक म्हणतोय गणपती. मग पप्पा सावकाश खुलासा करायचे. एकटा गणपतीच नव्हे; मारुती, दत्त, साईबाबा, सगळेच आमचे अन्नदाते. भुईगावच्या आमच्या वाडीत मोगरा होता, तुळस होती, कडेने थोड्या केळी. फुलं पहाटे तोडायची, टोपलीत केळीच्या पानावर ओल्या फडक्यात बांधायची आणि गावातला फुलवाला ती दादरच्या बाजारात न्यायचा. तिथून ती कुठल्या देवळात जात ते देवालाच ठाऊक. कुठल्या देवाला, हा प्रश्न पप्पांना कधी पडला नाही. गावातल्या बहुतेक ख्रिस्ती वाड्यांचं असंच होतं. रोज संध्याकाळी आम्ही प्रार्थनेत देवाकडे रोजची भाकर मागायचो आणि मोगऱ्याच्या दिवसांत ती दादरहून यायची.

आई मात्र फुलांच्या गावची नव्हती. खाडीकडच्या भातशेतीच्या गावातून ती लग्न होऊन आली तेव्हा तिला मोगरा फक्त वेणीतला माहीत होता. तिला शिकवलं ते कुंपणापलीकडच्या हिंदू घरातल्या बाईने. ती वयाने आईपेक्षा बरीच मोठी. आई तिला ताय म्हणायची, म्हणून आम्हीही तायच म्हणायचो. कळी नखाने खुडायची, देठ ओढायचा नाही, खुडलेली कळी ओटीत सोडायची आणि तोवर डोळा पुढच्या झाडावर गेला पाहिजे, हे तायने आईच्या मागे उभं राहून तिला शिकवलं. मोगऱ्याची कळी पहाटे मिटलेली असतानाच तोडावी लागते. संध्याकाळी ती झाडावरच उमलली तर बाजारात तिला कोणी विचारत नाही. आई दोन्ही हातांनी तोडायची. पप्पा आणि मी मिळून एक ओळ संपवेपर्यंत ती दुसरी संपवून तिसरीला लागलेली असायची, आणि वर आम्हालाच हसायची. तोडणीसारखं आवडतं काम तिला दुसरं नव्हतं.

शिकवणीची दक्षिणा म्हणा हवं तर, पण कुंपणालगतच्या ओळीतली मूठभर फुलं रोज तायच्या देव्हाऱ्याला जायची. ती स्वतः येऊन तोडायची, विचारायची नाही. आमच्या गल्लीच्या तोंडावर दगडी क्रूस आहे, त्याच्यापुढे दर शुक्रवारी ताय मेणबत्ती लावायची. तेही तिने कधी कोणाला विचारून केलं नाही.

मी सांगतेय ती गोष्ट नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची. मी तेव्हा नालासोपाऱ्यात एका शाळेत शिकवायला लागले होते. सकाळी तोडणी, मग आंघोळ, मग शाळा. माझा राग तेव्हाही नाकावर असायचा आणि आजही तो तिथून हललेला नाही, हे आधीच सांगून ठेवते.

त्याच्या आदल्या वर्षी मोगऱ्याला अळी लागली होती. कळी धरायची, फुगायची आणि तोडायच्या बेताला जांभळी पडायची. फोडून बघावं तर आत बारीकशी हिरवी अळी. टोपलीच्या टोपली फेकून द्यावी लागली. फुलवाला आमच्या फाटकाशी यायचा, टोपलीचं वजन हातानेच जोखायचा आणि निघून जायचा. तेव्हा विरारहून एक माणूस गाडी घेऊन गावात फिरत असे. त्याला आमची वाडी हवी होती, मोगरा काढून तिथे बंगले बांधायचे होते. पूर्वी पप्पा त्याला फाटकातूनच वाटेला लावायचे. त्या वर्षी ते त्याला ओट्यावर बसवू लागले. आई चहा करून द्यायची आणि कप परत आले की ते जरा जास्तच जोरात घासायची.

वाडी जाईल या धास्तीने आई आतून पोखरली होती. ती तिने आम्हाला बोलून दाखवली नाही, बोलली ती तिच्या धाकट्या बहिणीकडे. मावशी आचोळ्याला राहायची, नवीन बिल्डिंगमध्ये, नवरा गल्फला. येताना खजूर आणायची, जाताना आमची केळी न्यायची, आणि दर वाक्यात एक तरी इंग्रजी शब्द घालायची. मनाने मात्र फार मऊ. नवऱ्याची नोकरी प्रार्थनेने लागली, फ्लॅट प्रार्थनेने मिळाला, अशी तिची पक्की श्रद्धा होती. आचोळ्याला एका हॉलमध्ये तिची प्रेयर मीटिंग भरायची. पुढच्या वर्षी, राखेच्या बुधवारानंतरच्या आठवड्यात, ती आईला तिथे घेऊन गेली.

त्यानंतर आईने मोगरा तोडणं बंद केलं.

इथे आमच्या घरात जी चूक झाली, ती आमच्याच लोकांत होऊ शकते. राखेच्या बुधवारापासून इस्टरपर्यंतचा काळ हा आमचा उपवासकाळ. घरातला प्रत्येक जण त्या दिवसांत आपल्या आवडीची एकेक गोष्ट सोडतो आणि काय सोडलं ते मिरवत नाही. पप्पा ताडी सोडायचे. मी एका वर्षी भांडण सोडलं होतं, ते पहिल्याच रविवारी मोडलं. त्यामुळे आई पहाटे उठली, चहा केला, पण वाडीत आली नाही, तेव्हा पप्पांनी त्याचा सरळ अर्थ लावला. तिचं सगळ्यात आवडतं काम तिने देवाला वाहिलंय. ते मला ओळीत वाकून हळूच म्हणाले, "तुझी आय आपल्या सगळ्यांच्या पुढं गेली बघ. मी काय, नुसती ताडी सोडली." त्यांच्या बोलण्यात कौतुक होतं. चर्चमध्येही उपवासकाळात वेदीवर फुलं ठेवत नाहीत, त्यामुळे तिथूनही काही उलगडा व्हायचा संबंध नव्हता. आम्ही दोघं जमेल तेवढं तोडायचो, कामाला येणारी एक बाई मदत करायची, उरलेलं झाडावर राहायचं. पप्पांनी फुलवाल्याला सांगून ठेवलं, इस्टर होऊ दे, मग भरलेली टोपली देतो.

इस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी पहाटे, आई वाडीत उतरली. पप्पांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. तिने दोन्ही हातांनी तोडलं, ओटी भरभरून टोपलीत ओतली, आणि ती सगळी फुलं चर्चच्या वेदीला गेली. रविवारी चर्चमध्ये आमचा मोगरा दरवळत होता. पप्पा घरी येऊन ताडी प्यायले आणि त्यांनी चक्क गाणं म्हटलं.

सोमवारी पहाटे फुलवाला फाटकाशी येऊन उभा राहिला. आई ओट्यावर चहाचा कप घेऊन बसली होती.

"उठत नाय?" पप्पांनी विचारलं.

"चर्चला दिली मी," आई म्हणाली. "दादरला नाय देनार."

मग तिने सांगितलं. मीटिंगमध्ये सगळे आपापल्या अडचणी मांडत होते. तिने अळीचं सांगितलं. तिथल्या प्रवचनकाराने तिला विचारलं की सिस्टर, तुमची फुलं कुठे जातात. ती म्हणाली, दादरला. दादरला कोणाच्या पायाशी, असं त्याने विचारलं. तो म्हणाला, आपला देव गरीब नाही, मग त्याच्या लेकरांनी गरिबीत का राहावं? लेकरांचा हात चुकीच्या ठिकाणी जातो म्हणून त्याचा हात आखडतो. तो हात आधी आवरा, मग देव शंभर पटीने कसा देतो ते बघा. आईने तिथेच देवाला शब्द दिला होता, की दुसऱ्या देवाला जाणाऱ्या फुलाला हात लावणार नाही.

"आनि बघा ना तुमी," ती पप्पांना म्हणाली, "यंदा एक तरी अळी दिसली?"

आता इथे पप्पांची पंचाईत झाली. अळी खरोखरच नव्हती. त्या साली मोगऱ्याने असा बहर धरला की मी तसा आधी पाहिला नव्हता. पप्पांनी थंडीत प्रत्येक झाडाचं बूड खुरपून मोकळं केलं होतं, गळलेली एकन् एक कळी वेचून जाळली होती, कडुनिंबाचं पाणी मारलं होतं. ते म्हणाले, "अळी माझ्या खुरप्यानं गेली." आई म्हणाली, "खुरपं तर दरवर्षी असतं." यावर ते गप्प बसले. मी बसले नाही. मी त्या दिवशी आईला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही; सार इतकंच की देव हा काही दलाल नाही, सौदा करायला. आईने सगळं ऐकून घेतलं आणि माझा डबा भरून दिला.

मग ते विचित्र आठवडे सुरू झाले. झाडं कळ्यांनी लगडलेली, मदतीची बाईही आता येईना, आणि तोडायला आम्ही दोघंच. तोडणीच्या दिवसांत बायका मिळत नाहीत, ज्याची त्याची वाडी फुललेली असते. आम्ही तोडून तोडून थकायचो आणि तरी निम्म्याहून जास्त मोगरा तसाच राहायचा. संध्याकाळ झाली की तो उमलायचा. सगळी वाडी पांढरी व्हायची आणि वास असा सुटायचा की गल्लीतून जाणारे थांबायचे. समुद्रावर फिरायला आलेले पाहुणे फाटकाशी उभे राहून म्हणायचे, किती नशीबवान लोक तुम्ही! पप्पा त्यांना मान डोलवून हसून दाखवायचे आणि आत येऊन खिडक्या लावून घ्यायचे. आमच्या घरात त्या वासाने जेवण जाईना. मला आजही गजरेवालीच्या जवळून जाताना श्वास धरावासा वाटतो.

एका संध्याकाळी पप्पा आईला म्हणाले, "देव देतोय. तूच हात पुढं करत नाय." आवाज चढवला नव्हता. आई त्यावर रडली, पण सकाळी उठून वाडीत गेली नाही. दोघांचाही देव एकच, आणि त्याच देवाने दिलेली फुलं दोघांच्या मधे गळून पडत होती.

मी रागारागाने ठरवलं की त्या प्रवचनकाराला जाऊन विचारायचंच. शाळा सुटल्यावर तशीच आचोळ्याला गेले. हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, पंखे, एक कीबोर्ड. मी भांडणाची पूर्ण तयारी करून मागच्या रांगेत बसले. माझ्या शेजारची बाई चंदनसारहून आली होती. नवऱ्याची कंपनी बंद पडून तो घरी बसला होता आणि मीटिंगमधली मंडळी दर आठवड्याला तिच्या घरी तांदूळ पोचवत होती. ती मला म्हणाली, "इकडे येईपर्यंत आमचं नाव घेऊन कोणी प्रार्थना नव्हती केली." पुढे तिची गोष्ट ती सांगत राहिली आणि मी ऐकत राहिले. प्रवचनकार एक साधासा माणूस होता, कुठल्याशा कंपनीतून निवृत्त झालेला, घसा बसलेला. देव श्रीमंती देतो असं तो सांगत होता आणि त्याच्या स्वतःच्या चपलेला खिळा मारलेला होता. त्याच्याशी भांडायला मला जमेना. त्याचं म्हणणं मला पटलं नाही, तसूभरही नाही, पण त्या हॉलमधल्या माणसांच्या तोंडून ते हिसकावून घ्यावं असंही वाटलं नाही. मी घरी आले आणि कोणाला काही सांगितलं नाही.

चर्चमधले आमचे फादर बिचारे मध्यममार्गी. पप्पांनी त्यांच्या कानावर घातलं, तर ते म्हणाले की देवाला दिलेला शब्द ओरडून मोडवता येत नाही, थांबा. आणि पुढच्या रविवारी त्यांनी प्रवचनात नेमका रानातल्या फुलांचा विषय घेतला. फुलं कसलेही कष्ट करत नाहीत, तरी देव त्यांना राजापेक्षा सुंदर नटवतो, तेव्हा तुम्ही उद्याची चिंता करू नका. बाहेर पडल्यावर पप्पा म्हणाले, "फुलं कष्ट करत नाहीत, बरोबर हाय. पन फादरनी मोगरा लावलेला नाय." आई फस्सकन हसली. कितीतरी दिवसांनी हसली, आणि मग आपण हसलो हे लक्षात येऊन डोक्यावरचा पदर सारखा करत पुढे निघून गेली.

विरारचा माणूस परत आला. त्याने आमची पांढरी वाडी बघितली, आणि झाडावर फुलं का आहेत हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. पप्पा त्याला म्हणाले, "पाऊस लागला की मोगरा संपतो. तवर बघतो. तवर असंच राहिलं तर तुझी वाडी." हे आईच्या समोर बोलले. तिने ज्या वाडीसाठी शब्द दिला होता ती वाडी त्या शब्दापायीच जाणार होती, आणि तरी तिला वाटत होतं की आता हात लावला तर अळी येईल, देव दिलेलं काढून घेईल. मला तिचा राग यायचा आणि दयाही यायची. दोन्ही एकदम आल्यावर माणूस भांडी आपटतो. मी भांडी आपटायचे.

या सगळ्यात ताय कुठे होती? ती आजारी होती. उन्हाळा लागल्यापासून तिने अंथरूण धरलं होतं. आधी काही दिवस ती काठी टेकत कुंपणापाशी येऊन आपल्या ओळीतली फुलं तोडायची. तिने आईला विचारलं होतं, "तुझ्या हाताला काय झालं गं?" आई म्हणाली, कंबर धरलीय. ताय हसली. गावात कुठलीही गोष्ट लपत नाही. ती म्हणाली, "तुझ्या देवाला विचारून कर बाय. मी कोन सांगनार?" पुढे ती यायची थांबली. मग तिच्या देव्हाऱ्याला मूठभर फुलं मी नेऊन द्यायचे. आई तायच्या उशाशी जाऊन बसायची, पेज भरवायची, पाय दाबायची, फुलं मात्र न्यायची नाही. ते तायच्या नजरेतून सुटलं असेल असं मला वाटत नाही.

मे महिन्यात एका पहाटे तायचा मुलगा आमच्या फाटकाशी आला. तो माझ्यापेक्षा मोठा, दोन मुलांचा बाप, पण लहान मुलासारखा फाटक धरून उभा होता. तो एवढंच म्हणाला, "काकी, आई गेली. बाबा हायेत."

बाबा आहेत, म्हणजे ताय सवाष्ण गेली. आमच्या गल्लीत याचा अर्थ सगळ्यांना कळतो. सवाष्ण बाईला न्हाऊ घालतात, हिरवी साडी नेसवतात, कपाळ भरून कुंकू लावतात आणि केसांत मोगऱ्याची वेणी माळतात. गल्लीत कोणीही गेलं, कुठल्याही धर्माचं, तर फुलं आमच्या वाडीतून जायची आणि मयताच्या फुलांना कोणी दाम विचारायचं नाही. आणि बाईच्या वेणीची फुलं ज्यांची वाडी त्या घरच्या बाईने तोडायची आणि तिनेच ती गुंफायची. ही रीत आईला तायनेच शिकवली होती, गल्लीतल्या दुसऱ्या कोणाच्या तरी वेळेला.

पप्पा आईकडे बघत नव्हते. मी पुढे झाले आणि म्हणाले, "मी तोडते." मला वाटलं, निदान एवढं तरी तिच्यावर येऊ नये. आई दारात उभी होती. तिने गळ्यातला क्रूस मुठीत धरला होता. तिच्या मनात काय चाललंय ते मला दिसत होतं. एवढ्या बहराची वाडी, एकही अळी नाही, आणि दिलेला शब्द. ती घाबरली होती. मी तिला तोवर विहिरीत निघालेल्या नागालाही घाबरताना पाहिलं नव्हतं.

"तू नको," ती मला म्हणाली. "तुला देठ ओढायची सवय हाय."

ती वाडीत उतरली. कुंपणालगतच्या ओळीपासून तिने सुरुवात केली. दोन्ही हातांनी, वाकून, एकही कळी न सोडता. ती तोडता तोडता रडत होती आणि प्रार्थना म्हणत होती, आणि मला आठवतंय, मधेच थांबून तिने आकाशाकडे बघून मोठ्याने म्हटलं, "रागवायचं तर माझ्यावर रागव. तिला वेनी पायजे." मग ओट्यावर बसून केळीच्या सोपाच्या धाग्यात तिने वेणी गुंफली. इतकी दाट वेणी तिने माझ्या लग्नातसुद्धा केली नाही, हे मी तिला पुढे अनेकदा ऐकवलं आहे.

तायच्या घरी बायकांनी आईला पुढे जागा दिली. तायचे केस पांढरे झाले होते, विरळ झाले होते. आईने ते हलक्या हाताने विंचरले आणि वेणी माळली. मग तायच्या कपाळावर, कुंकवाच्या जरा वर, तिने अंगठ्याने क्रूस काढला, जसा ती रोज झोपताना आमच्या कपाळावर काढायची. तायच्या नवऱ्याने हात जोडले.

त्या संध्याकाळी आम्ही प्रार्थनेला बसलो, रोजच्या भाकरीचं वाक्य आलं, आणि तिथे आईचा आवाज थांबला. आम्ही पुढे गेलो नाही, थांबलो. ती पप्पांना म्हणाली, "ही आडवी होती तापानं, तान्ही असताना." ही म्हणजे मी. "माझं दूध आटलेलं. तायनं आपल्या म्हशीचं दूध सकाळ-संध्याकाळ धाडलं. आधी देवापुढं ठेवायची आनि मग धाडायची. त्या देवाला आपल्याच मोगऱ्याची फुलं होती." तिने तसबिरीखालच्या लाल दिव्याकडे बघितलं. "माझ्या घरात भाकर कुठून आली, ते मला म्हाईत हाय. मी उगाच दुसऱ्याला विचारायला गेली." मग तिने प्रार्थना जिथे सोडली होती तिथून उचलली. मला त्या वेळी तिच्या मांडीवर डोकं ठेवावंसं वाटलं, पण शाळेत शिकवणाऱ्या बाईने असं करायचं नसतं, म्हणून नाही ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही उठलो तेव्हा ती वाडीत होती. फुलवाल्याची टोपली त्या वर्षी पहिल्यांदाच काठोकाठ भरली. त्याने ती डोक्यावर घ्यायला वाकून हात घातला, तर आई म्हणाली, "थांब." तिने घरातून चर्चच्या तीर्थाची बाटली आणली, ओल्या फडक्यावर दोन थेंब शिंपडले आणि टोपलीवर हवेत मोठा क्रूस काढला. फुलवाला, माळकरी माणूस, बावचळून उभा होता.

"हे काय काकी?"

"माझ्याकडनं निघताना माझ्या देवाचा आशीर्वाद घेऊन निघतील. पुढं ज्याच्याकडे जायचं त्याच्याकडे जाऊ दे."

"आनि गनपतीला चाललं नाय तर?" पप्पांनी विचारलं.

"गनपतीला तुमी विचारा. तुमची जुनी ओळख हाय."

पप्पा हसले आणि तोंड फिरवून केळीत निघून गेले, बराच वेळ आले नाहीत. त्या दुपारी त्यांनी विरारच्या माणसाला निरोप धाडला की वाडी विकायची नाही, पुन्हा येऊ नकोस. आणि फुलवाल्याचं सांगायचं तर, पुढे एकदा आई घाईत क्रूस काढायला विसरली, त्या दिवशी म्हणे त्याची फुलं दादरला पडून राहिली. तेव्हापासून तो फाटकातून हलायचा नाही. "काकी, तेवढं करा," म्हणायचा आणि टोपी काढून उभा राहायचा.

रविवारी मावशी आली. तिला तायचं कळलं होतं, ती रडली, कारण लहानपणी बहिणीकडे राहायला यायची तेव्हा तायनेच तिची वेणी घातलेली. रडून झाल्यावर तिने वाडीकडे बघितलं. झाडं हिरवी होती, ओटीत गेलेल्या कळ्यांच्या जागा रिकाम्या होत्या. आईने शब्द मोडला हे तिला न सांगता समजलं. ती रागावली नाही. तिला खरोखर भीती वाटली, आपल्या बहिणीसाठी.

"अगं, पण आता परत अळी आली तर?" ती म्हणाली.

आई ओट्यावर बसून उद्याच्या बांधणीसाठी सोपाचे धागे सोलत होती. तिने मान वर केली नाही.

"आली तर आली," ती म्हणाली. "तिलापन पोट देवानंच दिलंय."